नाही म्हणायची तालीम

भिंगरीला स्वस्थ बसलेलं पाहिलंय, असं कुणी सांगितलं तर तो माणूस एक तर खोटं बोलतोय, नाहीतर चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत कधीतरी डोकावून आलाय. त्या खोलीत एक दगडी चाक आहे. चाकावर थेंब थेंब पाणी पडतं, आणि फिरत्या चाकाला भिंगाची कड लावून ही बाई सव्वीस वर्षं तिथे बसलीय. तिथे ती हलत नाही. फ्रेमच्या मापाने कड उतरवायची, अंगठ्याने चाचपायची, पुन्हा चाकाला लावायची. केसभर जास्त घासलं तर भिंग फ्रेममधून गळून पडणार, केसभर कमी घासलं तर बसवताना तडकणार. तेवढ्या कामात तिचा जीव शांत असतो. बाकी सगळीकडे पायाला चाकं. जेवतानासुद्धा ती तीनदा उठते. एकदा मीठ आणायला, एकदा दाराची कडी बघायला, आणि तिसऱ्यांदा आपण कशाला उठलो होतो ते आठवायला.

हे नाव तिला लहानपणीच पडलं होतं. पुढे ती भिंगं घासायच्या कामाला लागली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, आधी नाव ठेवून मग धंदा शोधणारी ही पहिलीच. लग्न तिने केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर सांगायची, “त्यासाठी दोन तास एका जागी बसावं लागतं म्हणे.” लोक हसायचे आणि विषय संपायचा. विषय संपवायची ती तिची रीत होती.

आता ही बाई एकटीच राहायची, एकटीच पळापळ करायची आणि एकटीच दमायची. दोन वर्षांपूर्वी त्यात भर पडली. तिच्या धाकट्या बहिणीने आपल्या दहा वर्षांच्या मुलीला दाराला आतून कडी घालायला सांगितलं, “आलेच” म्हणाली आणि निघून गेली. सहा दिवस आली नाही. पोरीने सहा दिवस कडी काढली नाही. घरात होतं ते खाल्लं, नळाचं पाणी प्यायली आणि कुणी दार वाजवलं की टेबलाखाली जाऊन बसली. शेवटी शेजारणीला संशय आला, पोलीस आले, पोलिसांनी पोरीला मुलांच्या कोर्टात उभं केलं. बहीण पुढे सापडली. नशेपायी पार कामातून गेली होती. आता ती कधी उपचारांच्या ठिकाणी असते, कधी तिथून पळालेली असते. कोर्टाने विचारलं, मुलीचं जवळचं कुणी आहे का? तेव्हा भिंगरी हातातलं भिंग खाली ठेवून, ओल्या हातांनीच कोर्टात धावली.

घोळ तिथेच झाला. मुलगी तिच्या ताब्यात देताना एका कागदावर प्रश्न होता, सांभाळासाठी भत्ता हवा आहे काय? नातेवाइकांनी मूल सांभाळलं तर त्यांना दरमहा काही रक्कम मिळू शकते, असं तिथल्या माणसाने समजावून सांगितलं. भिंगरीला ते ऐकूनच झोंबलं.

“सख्ख्या बहिणीची मुलगी आहे ती,” ती म्हणाली. “मावशीने भाचीला सांभाळायचे पैसे घ्यायचे? मी काय खानावळ काढलीय?”

खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एका म्हातारीने तर जाता जाता तिच्या पाठीवरून हात फिरवला. कागदावर ‘भत्त्याची आवश्यकता नाही’ असं लिहिलं गेलं आणि भिंगरीने खाली चांगली ठसठशीत सही केली. माय मरो आणि मावशी जगो, असं आपण येताजाता म्हणतो. मावशीने जगायचं कशावर, हे मात्र त्या म्हणीत कुणी सांगितलेलं नाही.

पोरीला घरात मुंगी म्हणायचे. ती भिंतीच्या कडेकडेने चालायची, पुस्तकं मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायची आणि ताटात एक कण ठेवायची नाही. पहिले तीन महिने ती बोललीच नाही. मग एक दिवस जेवताना भिंगरी तिसऱ्यांदा उठली तेव्हा म्हणाली, “मावशी, तू कशाला उठलीस ते मी सांगू? पाणी.” खरंच पाणी होतं. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. मुंगीला सगळं आठवायचं आणि भिंगरीला काहीच आठवायचं नाही, त्यामुळे घर नीट चालायला लागलं.

दीड वर्ष चाललंही. मग दुकानदाराने यंत्र घेतलं. भिंग आत ठेवायचं, बटण दाबायचं आणि तोंड धुऊन यायचं. तोवर कड तासून तयार. दुकानदार वाईट माणूस नव्हता. जाड नंबरांची भिंगं आणि म्हाताऱ्या माणसांच्या वाकलेल्या जुन्या फ्रेमा यंत्राला जमत नाहीत, म्हणून त्याने भिंगरीला ठेवलं, पण आठवड्यातून तीनच दिवस. पगार निम्म्यावर आला. उरलेले चार दिवस भिंगरी घरात अशी फिरायची की खालच्या मजल्यावरचा शिंपी एकदा वर येऊन विचारून गेला, घरात काही हरवलंय का?

हरवलं नव्हतं, हरवणार होतं. दोन खोल्यांचं भाडं आता तिला परवडणारं नव्हतं. एका खोलीत ती राहिली असती, जिन्याखाली राहिली असती, पण कोर्टाचा नियम असा की बारा वर्षांवरच्या मुलाला निजायला वेगळी खोली पाहिजे. दर सहा महिन्यांनी एक तपासणीबाई येऊन ते बघून जायची. मुंगीला बारा पूर्ण होऊन गेली होती. एका खोलीत गेलं की पोरीला उचलून नोंदणी केलेल्या पालक कुटुंबात पाठवणार, म्हणजे परक्या घरी. आणि त्या परक्यांना तिच्यासाठी दरमहा पैसे मिळणार, न मागता, पहिल्या तारखेपासून. भत्ता नाही तर घर नाही, घर नाही तर पोरगी नाही. गणित इतकं सरळ होतं की पाढे न येणाऱ्यालाही सुटावं.

म्हणून एका मोकळ्या दिवशी भिंगरी कोर्टाच्या कचेरीत गेली. खिडकीमागचा कारकून सर्दीने बेजार झालेला होता. त्याने फाइल काढली, नाक पुसलं आणि बोट ठेवून दाखवलं.

“ताई, इथे तुमच्याच सहीने लिहिलंय. गरज नाही.”

“तेव्हा नव्हती. आता आहे.”

“मग अर्ज करा. मिळतो भत्ता. पण सुनावणी होते.” त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खिडकीशी वाकला. “सगळ्यात शेवटी एक प्रश्न विचारतात. सगळ्या नातेवाइकांना तोच असतो. भत्ता मिळाला नाही, तरी मुलाला ठेवाल का? तुम्ही म्हणायचं, नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. त्याच्या पुढेमागे काही जोडायचं नाही.”

“पण मी ठेवणार आहे. म्हणजे, मला तिला ठेवायचंय म्हणून तर आलेय.”

“ते मला कळतंय, तुम्हाला कळतंय. कागदाला कळत नाही.” कारकुनाने एक शिंक दाबली. “हो म्हणालात की त्याचा अर्थ, पैशावाचून तुमचं चालतंय. मग सरकार कशाला देईल? मागच्या महिन्यात एक आजोबा आले होते, दोन नातवंडांसाठी. घरून ठरवून आले होते. आयत्या वेळी छाती पुढे काढून म्हणाले, जीव गेला तरी ठेवीन. मॅडमनी त्यांचं कौतुक केलं आणि अर्ज निकाली काढला.”

भिंगरी खिडकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आली.

“परक्यांना पण विचारतात हे?”

“त्यांना कशाला विचारतील? पैसे नाही मिळाले तर ते ठेवणार नाहीत, हे सगळ्यांना माहीतच आहे.”

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की तिला त्यात काय चूक आहे ते चटकन सापडेना. ती निघाली, तेव्हा त्याने मागून हाक मारली.

“आणि मुलीला घेऊन या. दहा वर्षांच्या वरचं मूल सुनावणीला हजर लागतं. माझं नाव घेऊ नका, मी काही सांगितलेलं नाही.”

त्या दिवशी भिंगरी बसने गेली नाही, चालत घरी गेली. तरी मन थकेना. पोरीसमोर! कारण त्या पोरीने सहा दिवस टेबलाखाली बसून आपल्याला कुणी ठेवून घेईल का, एवढ्याच प्रश्नाचा विचार केला असणार, आणि तोच प्रश्न आता तिच्यासमोर मोठ्याने विचारायचा, वर मावशीने ‘नाही’ म्हणायचं. कुणी बसवला असेल हा नियम? ज्याने बसवला त्याला भाची नसणार, की मावशी नसणार, की दोन्ही नसणार. भिंगरीने त्याला वाटेत मनसोक्त शिव्या घातल्या. पण शिव्यांनी नियम बदलत असते तर एव्हाना जगात एकही उरला नसता.

सुनावणी साडेतीन आठवड्यांवर होती. मुंगीला आधी सांगायचं की नाही, यावर चार दिवस गेले. सांगावं तर पोरगी घाबरेल, न सांगावं तर तिथे ऐकून मोडेल. भिंगरी कपड्यांच्या घड्या घालता घालता पुटपुटायची, नाही. भांडी पुसता पुसता, नाही. पाचव्या दिवशी सकाळी मुंगीने वहीतून मान वर केली.

“काय नाही?”

झालं. भिंगरीच्या पोटात गोष्ट राहण्यासाठी आधी ती पोटापर्यंत पोचायला हवी. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. दुकान, भाडं, वेगळी खोली, कारकून, आजोबा, प्रश्न. सांगताना ती दारापासून खिडकीपर्यंत चालत होती आणि मुंगीची मान तिच्याबरोबर इकडून तिकडे फिरत होती.

“खोटंच म्हणायचंय ना?” मुंगीने विचारलं.

“अगदी खोटं. साफ खोटं.”

“मग म्हण की. त्यात काय.” आणि ती पुन्हा वहीत बघायला लागली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “म्हणता येतं का तुला?”

“न यायला काय झालं?”

“मग म्हणून दाखव. मी विचारते.” तिने पेन्सिल टेबलावर आपटली आणि आवाज जाड केला. “भत्ता नाही मिळाला तर तुम्ही या मुलीला ठेवाल का?”

भिंगरी उठून दाराची कडी बघून आली. “आता तसं बघायला गेलं तर,” ती म्हणाली.

“नापास,” मुंगी म्हणाली.

त्या दिवसापासून घरात तालीम सुरू झाली. मुंगी दुकानातली बिनभिंगांची फ्रेम नाकावर चढवून टेबलामागे बसायची. समोर भिंगरी, आरोपीसारखी. प्रश्न आला की ही बाई काय वाटेल ते म्हणायची. बघू. तशी वेळ येणार नाही. नाही, म्हणजे काय आहे मॅडम. एकदा नुसतीच खोकली. एकदा तिला हसू फुटलं आणि दोघी पोट धरून हसत बसल्या. एकदा ‘नाही’ हा शब्द स्वच्छ आला खरा, पण पाठोपाठ डोळ्यांतून पाणी आलं.

“रडायचं नाही,” मुंगीने बजावलं. “रडलीस की त्यांना कळेल तू ठेवणार आहेस ते. अर्धे गुण.”

“अर्धे तरी दिलेस.”

“दयेचे आहेत.”

वेळीअवेळी प्रश्न यायचा. केस विंचरताना, बसथांब्यावर, बाजारात वजनकाट्यासमोर. भाजीवाल्याने एकदा ऐकलं, “या मुलीला ठेवाल का?” तेव्हा तो दचकून म्हणाला, “मला घरी तीन आहेत.” मुंगी रस्ताभर हसत होती. एवढी हसलेली तिला भिंगरीने कधी पाहिली नव्हती. त्या तीन आठवड्यांत पोरगी दोन्ही वेळा दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवली, झोपेत दचकायची ती थांबली, आणि शाळेतून येताना तिने एक मैत्रीणही घरी आणली. भिंगरीला वाटलं, पोरीला जबाबदारी मानवली. स्वतः ती मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती. सुनावणीच्या आदल्या दिवशीही तिच्या तोंडून आलं, “ना... तुम्हीच सांगा मॅडम, कुठे टाकू हिला?”

“अजिबात येत नाही तुला,” मुंगी फ्रेम काढून म्हणाली. रागावायला हवं होतं, पण तिच्या आवाजात राग नव्हता.

सुनावणीच्या दिवशी नऊ वाजता बोलावलं होतं. बाराला नंबर लागला. मधल्या तीन तासांत भिंगरीची भिंतीवरची यादी अकरा वेळा वाचून झाली, चार वेळा पाणी पिऊन झालं आणि बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या चपलांचा अंदाज घेऊन झाला. मुंगी इतिहासाचं पुस्तक वाचत होती. अधूनमधून मान न उचलता म्हणायची, “मावशी, बस.” भिंगरी बसायची आणि त्याच झटक्यात उठायची.

त्यांच्या आधीचा नंबर एका नवराबायकोचा होता. नोंदणी केलेलं पालक कुटुंब. कडेवर दोनेक वर्षांचं मूल, झोपलेलं. ते आत गेले आणि भिंगरी यादीपर्यंत जाऊन परत येते तोवर बाहेर आले.

“झालं?” तिने त्या बाईला विचारलं.

“झालं. बाळाचं दूध वाढलंय ना, म्हणून थोडे पैसे वाढवून दिले.”

“काही विचारलं नाही?”

“काय विचारणार?” बाई चांगली होती बिचारी. तिने बाळाच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं आणि ती दोघं गेली. भिंगरी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिला त्यांचा राग करायचा होता, पण बाळ इतक्या निवांत झोपलं होतं की तेही जमलं नाही.

आतली खोली लहान होती. एक लांब टेबल, त्यामागे न्यायाधीशबाई, बाजूला टाइप करणारी मुलगी, आणि कोपऱ्यात सर्दीवाला कारकून, ओळख न दाखवता उभा. मुंगीला भिंगरीच्या शेजारी खुर्ची दिली. न्यायाधीशबाई भिंगरीहून वयाने लहान असतील. दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी पगाराचा कागद बघितला, भाड्याची पावती बघितली, तपासणीबाईचा अहवाल वाचला. प्रश्न साधे होते. दुकानात किती दिवस काम? दुसरं काम शोधलं का? मुलीची आई भेटायला येते का? भिंगरी उत्तरं देत होती आणि तिची टाच टेबलाखाली जमिनीवर थडथड वाजत होती. मुंगीने हळूच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. टाच थांबली आणि दुसऱ्या पायाची सुरू झाली.

मग न्यायाधीशबाईंनी कागद वाचायला मान खाली घातली आणि त्यांचा चष्मा भिंगरीच्या समोर आला.

उजवं भिंग फ्रेममध्ये नीट बसलेलं नव्हतं. वरच्या अंगाला कड जास्त उतरवलेली, त्यामुळे फट राहिलेली, आणि फट झाकायला कुणीतरी फ्रेमचा स्क्रू आवळून भिंगावर ताण आणलेला. यंत्राचं काम. जाड नंबर आणि यंत्र, दुसरं काय होणार? असा चष्मा दिवसभर घातला तर संध्याकाळी कपाळ ठणकणारच. बाईंनी तेवढ्यात दोन बोटांनी कपाळ दाबलंच. भिंगरी बघत राहिली. भिंग काढायचं, पण नवी कड निघणार नाही, एवढं भिंग उरलेलं नाही. खालच्या अंगाला किंचित घासून भिंग वर सरकवलं तर बसेल. चाकाला किती वेळ लावायचं, तेही तिला दिसलं. खोली, टेबल, टाइप करणारी मुलगी, सगळं लांब गेलं. पाय थांबले, हात मांडीवर निवांत पडले. चाक समोर नसताना पहिल्यांदाच तिच्या जिवाला स्वस्थता आली.

“हा भत्ता मंजूर झाला नाही, तर तुम्ही या मुलीचा सांभाळ पुढे चालू ठेवाल का?”

“नाही,” भिंगरी म्हणाली.

स्वच्छ, कोरडं, प्रश्न संपता संपता. न्यायाधीशबाईंनी मान वर केली, क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि टाइप करणाऱ्या मुलीला खूण केली. खटखट आवाज झाला. अर्जदार भत्त्याविना सांभाळ करण्यास तयार नाही. मग मुंगीला विचारलं, मावशीकडे राहायला आवडतं का? मुंगी म्हणाली, “हो.” एवढंच. भत्ता मंजूर झाला, एक वर्षासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा सुनावणी. भिंगरीने सही केली तेव्हा तिची टाच पुन्हा वाजायला लागली होती.

बाहेर येताना कारकून दाराशी भेटला आणि छताकडे बघत म्हणाला, “उत्तम.”

भिंगरीला रस्त्यावर आल्यावर पंख फुटल्यासारखं झालं. घर राहिलं होतं. पोरगी राहिली होती. ती बोलत सुटली. आता खिडकीशी तुझी खाट घेऊ, नवी नाही, पण बरी बघून घेऊ. तुझे बूट आधी. घरमालकाला भाड्याचा शब्द आजच देऊन येते. बघ, म्हणाले होते ना मी, होईल? असं ती कधीच म्हणाली नव्हती, पण मुंगीने ती चूक दाखवली नाही. नेहमी दाखवायची.

बसथांबा आला. दप्तर दोन्ही हातांनी पोटाशी धरून मुंगी थांब्याच्या भिंतीला चिकटून उभी राहिली, पहिल्या तीन महिन्यांत राहायची तशी. भिंगरी रस्त्याच्या कडेला जाऊन बस दिसते का बघून आली. परत येऊन बघितलं तर पोरगी तशीच.

“काय गं? भूक लागली?”

“मावशी,” मुंगी म्हणाली, “एवढं पटकन कसं म्हणालीस?”

“काय?”

“नाही.”

तीन आठवडे भिंगरी नापास होत होती आणि पोरगी हसत होती, दुसऱ्यांदा वाढून घेत होती, शांत झोपत होती. आत्ता तिला कळलं की पोरगी गुण कशाचे मोजत होती. प्रत्येक ‘बघू’, प्रत्येक ‘तसं बघायला गेलं तर’, प्रत्येक खोकला तिने जपून ठेवला होता. आणि सगळ्यांसमोर, नेमकं जिथे अडखळायला हवं होतं तिथे, मावशी अडखळली नाही.

“अगं, मी त्यांच्या चष्म्याकडे बघत होते,” भिंगरी म्हणाली. आणि बोलता बोलताच तिला ऐकू आलं की हे किती वेड्यासारखं वाटतंय. “उजवं भिंग वाकडं बसवलंय त्यांचं. मी त्याच्या विचारात होते. तुझ्याकडे बघितलं असतं ना, तर गेलं असतं सगळं. हो म्हणाले असते मी. देवाशपथ सांगते, हो म्हणाले असते आणि हाकलून दिलं असतं आपल्याला.”

“खरंच चष्मा वाकडा होता?”

“उद्या दुकानात चल, तसलंच एक भिंग दाखवते तुला.”

मुंगीने विचार केला. ही गोष्ट खरी असणार, हे तिला पटत होतं. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर पटली नसती. पण पटलं म्हणून पोटातलं दुखणं गेलं असं नव्हे, आणि तेही तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भिंगरीने तिचा हात धरला. पोरीने तो सोडवून घेतला नाही, पण आपणहून धरलाही नाही.

“दर वर्षी विचारणार?” तिने विचारलं.

“दर वर्षी. तू अठराची होईपर्यंत.”

मुंगीने मोकळ्या हाताची बोटं मोजली. पाचही लागली.

“पुढच्या वर्षी जरा थांबून म्हण,” ती म्हणाली. “जास्त नको. त्यांना संशय येईल. मला कळेल एवढंच.”

“थांबेन,” भिंगरी म्हणाली. आणखी काही बोलायला गेली असती तर भर रस्त्यात रडली असती, आणि बस समोरून येत होती.